साखर, मद्यार्क आणि पपईचा चीक



वरकुट्यात उसावरील चर्चा आटोपली आणि एका बागायतदाराने वेगळाच प्रश्न विचारला. "साहेब, साखर आमच्या उसाची, स्पिरिट आमच्याच मळीचे. ही दोन्ही पाण्यात मिसळून फळांतले औषधी घटक वेगळे काढता येतात म्हणे. मग हा धंदा आम्हीच का करू नये?"

प्रश्न रास्त आहे. भवानीनगर, माळेगाव आणि बिजवडी येथील कारखाने ज्या भागात आहेत, तेथे तो कोणाच्याही मनात यावा. परंतु यंत्रसामग्रीसाठी कर्ज काढण्यापूर्वी या पद्धतीत नेमके काय घडते ते समजून घ्यावे.

तेल आणि पाणी वेगळे राहतात हे आपण रोज पाहतो. पाण्यात विरघळलेले दोन पदार्थही असेच एकमेकांपासून फारकत घेऊ शकतात. 1896 साली हॉलंडमधील बायरिंक या शास्त्रज्ञाला जिलेटिन आणि अगर यांची द्रावणे एकत्र केल्यावर दोन थर पडलेले दिसले. दोन्ही थरांत मुख्यतः पाणीच होते. पुढे 1950 नंतरच्या दशकात स्वीडनमधील अल्बर्टसन यांनी या थरांचा उपयोग पेशींचे भाग आणि प्रथिने वेगळी करण्यासाठी केला.

मद्यार्क आणि साखर यांचे तत्त्वही असेच आहे. साखर पाण्याला आपल्याकडे ओढते. पुरेशी साखर घातली की मद्यार्काच्या वाट्याला पाणी कमी पडते आणि तो वर तरंगतो. वरच्या थरात मद्यार्क जास्त, खालच्या थरात साखर जास्त. आता यात फळाच्या सालीचा अर्क मिसळला तर रंग, सुगंध व काही तुरट द्रव्ये वरच्या थरात जातात. ज्यांना पाणीच प्रिय, ते घटक खाली राहतात.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास मिठाचा प्रयोग करावा. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. काचेच्या बाटलीत ते अर्धी वाटी व तितकेच पाणी घ्यावे. चिमूटभर हळद आणि तीन-चार चहाचे चमचे मीठ टाकून, झाकण लावून जोरात हलवावे व बाटली स्थिर ठेवावी. तळाशी थोडे मीठ तसेच राहिले तरी चालेल. थोड्या वेळाने वर पिवळाजर्द थर आणि खाली फिकट पाणी दिसेल. हळदीचा रंग मद्यार्काने उचललेला असतो. चूल, विडी, दिवा जवळ नसावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना दूर ठेवावे. हे द्रावण विषारी आहे, तोंडात घालू नये.

साखरेच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. साखरेबरोबर थर पडतात ते मुख्यतः प्रोपेनॉल आणि टर्शरी ब्युटेनॉल या मद्यार्कांचे. आपल्या मळीतून निघतो तो इथेनॉल. तो पाण्याला इतका घट्ट धरून असतो की साखरेला त्याची फारकत करणे सहसा जमत नाही. जास्त ओतला तर थर पडण्याऐवजी साखरेचेच कण तळाशी बसू लागतात. इथेनॉलसाठी क्षार लागतात, उदाहरणार्थ आपल्या ओळखीचे अमोनियम सल्फेट. म्हणजे "दोन्ही माल घरचा" हा हिशेब येथेच लंगडा पडतो.

शिवाय साखर चिमूटभर लागत नाही, भरपूर लागते. ती आणि मद्यार्क पुन्हा वापरात आणल्याशिवाय खर्च परवडत नाही. साखरेचे उरलेले पाणी ओढ्यात सोडले तर तेथील प्राणवायू संपून मासे मरतात. स्पिरिटचा साठा करण्यास 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. त्यामुळे हा कारखान्याचा किंवा प्रयोगशाळेचा उद्योग आहे, गोठ्याशेजारच्या खोलीतला नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग शेतकऱ्याने काय करावे? कच्चा माल उत्तम करावा. पपईचे उदाहरण घेऊ. कच्च्या फळाच्या चिकात पपेन हे प्रथिने पचविणारे विकर असते. मांस मऊ करणे, बिअर नितळ ठेवणे, पाचक औषधे यांसाठी त्याला मागणी असते. चिकात इतर विकरेही मिसळलेली असतात. ती वेगळी करण्यासाठी थरांची पद्धत वापरतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि अमोनियम सल्फेट यांच्या थरांतून जुन्या क्षार पद्धतीपेक्षा शुद्ध पपेन मिळाले. येथे मद्यार्क टाळला होता हे लक्षात घ्यावे. जास्त मद्यार्काने अनेक विकरे निकामी होतात. रंग आणि सुगंध काढण्यास मात्र तो चांगला.

चिकासाठी को-2, को-5, को-6 यांसारख्या जाती निवडाव्यात. आपल्याकडे गोडीसाठी लावतात त्या जातींवर भिस्त ठेवू नये. 75 ते 90 दिवसांची, पूर्ण वाढलेली हिरवी फळे घ्यावीत. देठाकडून टोकाकडे सारख्या अंतरावर चार उभे काप स्टेनलेस स्टीलच्या पात्याने द्यावेत. खोली 3 मि.मी. पेक्षा जास्त नसावी. काम पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवावे, कारण ऊन चढले की चीक कमी वाहतो. तीन दिवसांच्या अंतराने त्याच फळावर असे चार वेळा करावे. चीक ॲल्युमिनियमच्या ताटात धरावा. लोखंड अजिबात लागू देऊ नये, त्याने पपेन खराब होते. चिकाने कातडी सोलवटते म्हणून हातमोजे घालावेत. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट 0.05 टक्के मिसळून 50 ते 55 अंश सेल्सिअसला वाळवावा. याहून जास्त उष्णतेने विकराची ताकद घटते. वाळलेला चीक कुटून, चाळून हवाबंद डब्यात भरावा. ओरखडलेली फळे टाकू नयेत, टुटीफ्रुटीसाठी ती चालतात.

लागवडीपूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करावा. भाव नुसत्या वजनावर की विकराच्या ताकदीवर, आणि ती कोण तपासणार, हे त्यात लिहून घ्यावे. वजनावरच भाव ठरला तर काळजीपूर्वक वाळविलेला पांढरा चीक आणि करपलेला तपकिरी चीक एकाच दराने जातो, आणि पहाटे उठणाऱ्याचे कष्ट वाया जातात.