आयटीआयची दोन वर्षं : हिशेब फीपासून सुरू करू नका

जबलपूरच्या बड़ा फुहाऱ्यावर दुपारी कुठल्याही साडीच्या दुकानात जा, काउंटरमागे थान उलगडणारी दोन-तीन मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात. दहावी-बारावी झाली, पुढचं ठरेना, कुणाच्या ओळखीने लागली. त्याऐवजी दहावीनंतर आयटीआयला पाठवावं का, असं पालक विचारतात तेव्हा पहिला प्रश्न फीचा असतो. सरकारी आयटीआयची फी खासगी इंजिनिअरिंगच्या मानाने नगण्य, म्हणून ‘दोन वर्षं जातील, फार काय बिघडलं’ असं म्हणून विषय संपवतात. पण खर्च फीत नाहीच. मुलगा त्या दोन वर्षांत जे कमावणार नाही, तो खरा खर्च.

समजा, दुकानात त्याला महिना ८,००० रुपये मिळाले असते. दोन वर्षांचे झाले १,९२,०००. फी, अवजारं, येण्याजाण्याचं भाडं मिळून २०,००० धरा. तिसरं वर्षही मोजा, कारण आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, केल्याशिवाय या शिक्षणाला बाजारात वजन येत नाही. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. दुकानात एव्हाना ९,००० झाले असते, म्हणजे वर्षाला आणखी २४,००० ची तूट. एकूण २,३६,०००. त्यानंतर कारागीर म्हणून त्याला दुकानापेक्षा महिना ५,००० जास्त मिळाले, तर ही तूट भरून यायला जवळजवळ चार वर्षं लागतात. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या घरचे घाला. रीत मात्र हीच.

चार वर्षं ऐकून घाबरू नका. सोळाव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा तेविसाव्या वर्षी बरोबरीला येतो आणि पुढची पस्तीस वर्षं फायदा त्याचा. पण यात एक अट आहे : त्या पाच हजारांचा फरक पडला पाहिजे. तो पडतो हाताच्या कसबाने, प्रमाणपत्राने नाही. फिटर ट्रेडच्या मुलाला पहिल्या वर्षी शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळून कानशीने घासायला लावतात. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचं, पुन्हा घासायचं. हे महिनोन्‌महिने केलेल्या मुलाच्या हाताला जे कळतं, ते फक्त वही भरून आलेल्याला कळत नाही. ज्या संस्थेत लेथ झाकून ठेवलेले असतात आणि हजेरी कागदावर लागते, तिथली दोन वर्षं फुकट मिळाली तरी महागच पडतात. केंद्र सरकारची मान्यता त्याच संस्थेला आणि त्याच ट्रेडला आहे ना, हेही आधी तपासा.

जबलपूरच्या मराठी घरांत या बाबतीत एक जुनी समजूत आहे. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत, काका खमरियाच्या आयुध निर्माणीत, मामा व्हेइकल फॅक्टरीत. तेव्हा पोरगाही कुठेतरी लागेलच. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरिया १९४२ ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. या तिन्हींनी गावातल्या कितीतरी घरांना पेन्शन दिली. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी बोर्ड राहिलं नाही. त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. खमरिया म्युनिशन्स इंडियात गेली, आणि तिथे जुन्या अप्रेंटिसांना ठरावीक मुदतीच्या करारावर घेतल्याचं आपण पाहिलं आहे. अनुभव म्हणून तिथली उमेदवारी उत्तम, पण तिला कायम नोकरीचा वायदा समजून कर्ज काढू नका.

रेल्वेचं दार जास्त स्पष्ट आहे. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. तिथे अप्रेंटिसची निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वयाची मर्यादा १५ ते २४. म्हणजे ‘आयटीआयच तर करायचंय’ म्हणून दहावीत ढिलाई करणारा मुलगा तिथेच मागे पडतो. रेल्वेची अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. पण परीक्षा त्यांनाही चुकत नाही. असिस्टंट लोको पायलटसाठीही दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं, सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये.

आणि ज्या आईबाबांच्या मनात ‘पण इंजिनिअर व्हायचा राहिला’ ही रुखरुख आहे, त्यांनी हे जरूर बघावं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर एकूण सात वर्षं. अकरावी-बारावी करून गेलेल्याला सहा लागतात. एका वर्षाच्या फरकात मुलाला मध्ये दोनदा थांबून कमावायची सोय मिळते. घरात एकच कमावता असेल, तर मला हा रस्ता खासगी कॉलेजच्या चार वर्षांच्या कर्जापेक्षा पुष्कळ शहाणपणाचा वाटतो. मात्र गणितात रमणाऱ्या मुलाला भीतीपोटी इकडे ढकलू नका. त्याने बारावी करून गोकलपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजसाठी जोर लावावा. मुलींच्या बाबतीतही तेच : इलेक्ट्रिशियनची आवड असलेल्या मुलीला शिवणकामाच्या वर्गात बसवणं हा तिच्या वेळेचा अपव्यय आहे.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक सकाळ काढा. मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन माढोतालच्या आयटीआयला, आणि जी खासगी संस्था मनात असेल तिथेही, वर्ग चालू असताना जा. वर्कशॉप दाखवायला सांगा, मागच्या वर्षीची मुलं कुठे उमेदवारी करताहेत ते नावानिशी विचारा. जिथे वर्कशॉप दाखवायला टाळाटाळ होईल, तिथे पैसे भरू नका.