दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल : खर्च किती आणि पैसे नेमके कशाचे?

मुलाची दाढ रात्रभर ठणकली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रूट कॅनालचा आकडा कानावर येतो आणि घरात एकच प्रश्न निघतो : ती दाढ पडणारच आहे, मग एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मुलाच्या वयावर आणि दाढेची मुळं किती शाबूत आहेत यावर ठरतं.

गरज आहे का, हे आधी ठरवा

दुधाची दुसरी दाढ साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहते. तिच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते आणि पुढच्या दाढेच्या आधारानेच जागा धरते. पाचव्या वर्षी दुधाची दाढ काढून टाकली, तर मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा जाते आणि पुढे तारा बसवण्याचा खर्च उभा राहतो. म्हणून या वयात दाढ वाचवणंच शहाणपणाचं. उलट नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या दाढेची मुळं एक तृतीयांशाहून जास्त झिजली असतील, तर दाढ काढणं योग्यही आणि स्वस्तही.

कीड नसेच्या फक्त वरच्या भागापर्यंत पोहोचली असेल तर पल्पोटॉमी पुरते. त्यात मुळांतल्या नसेला हात लावत नाहीत, त्यामुळे मुळांची लांबी मोजायची गरज नसते आणि पैसेही कमी लागतात. मुळांतली नसही खराब झाली असेल तरच पल्पेक्टॉमी, म्हणजे मुलांचं रूट कॅनाल.

सगळं काम लांबीवर

मोठ्यांच्या दाताचं मूळ ठरलेल्या जागी संपतं. दुधाच्या दाढेचं मूळ मात्र खालचा कायमचा दात वर येऊ लागला की विरघळायला लागतं, तेही सगळीकडून सारखं नाही. त्यामुळे एक्स-रेमध्ये टोक दिसतं तिथे मुळाचं तोंड असेलच असं नाही. ते अलीकडे, एखाद्या बाजूलाही उघडलेलं असू शकतं. सपाट चित्रात ही झीज अनेकदा दिसत नाही.

साफसफाई कमी पडली तर जंतू आत राहतात आणि काही महिन्यांत हिरडीवर पुन्हा पुवाची पुळी येते. जास्त खोल गेली तर सुई किंवा औषध मुळांच्या मधोमध वाढणाऱ्या कायमच्या दाताच्या अंकुराकडे जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर एक्स-रेमधल्या टोकाच्या १ ते २ मिलिमीटर अलीकडे थांबतात.

लांबी मोजायच्या तीन रीती आहेत. पहिली, निव्वळ हाताचा अंदाज, पण या दाढांमध्ये त्यावर विसंबता येत नाही. दुसरी रीत म्हणजे कॅनालमध्ये (मुळातल्या नळीत) फाइल, म्हणजे बारीक सुई ठेवून एक्स-रे काढणं. तिसरी, ॲपेक्स लोकेटर. या यंत्राची एक आकडी मुलाच्या ओठाला अडकवतात, दुसरी क्लिप फाइलला. फाइल मुळाबाहेरच्या भागाला टेकली की विद्युत प्रवाहाला होणारा विरोध बदलतो आणि पडद्यावर खूण दिसते. यात दुखत नाही. मग फाइलवरची रबरी चकती दाढेच्या टोकाला टेकवतात, फाइल बाहेर काढून मिलिमीटरच्या पट्टीवर मोजतात आणि आकडा लिहून ठेवतात. खालच्या दाढेत तीन, कधी चार कॅनाल असतात. प्रत्येकाची लांबी वेगळी. आत रक्त किंवा जास्त ओल असेल तर यंत्रही चुकतं आणि फार झिजलेल्या मुळात त्याचा भरवसा कमी होतो. म्हणून यंत्र आणि एक्स-रे दोन्ही वापरणारा दवाखाना चांगला. मूल हलत असेल तर यंत्रामुळे एखाद-दुसरा एक्स-रे वाचतो.

बिलात काय असतं?

मुंबई-पुण्यातल्या खासगी दवाखान्यांतले ढोबळ दर असे धरा. लहान शहरांत ते कमी असतात.

- तपासणी : ३०० ते ७०० रुपये
- छोटा एक्स-रे : प्रत्येकी १५० ते ३०० रुपये, दोन-तीन लागतात
- पल्पोटॉमी : १,५०० ते ३,५०० रुपये
- पल्पेक्टॉमी : २,५०० ते ६,००० रुपये
- स्टीलची कॅप : १,५०० ते ३,५०० रुपये
- झिरकोनियाची पांढरी कॅप : ५,००० रुपयांपासून पुढे
- दाढ काढणं : ५०० ते १,५०० रुपये
- स्पेस मेंटेनर (काढलेल्या दाढेची जागा राखणारं साधन) : २,००० ते ४,००० रुपये

म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या एका दाढेचा सगळा हिशेब स्टीलच्या कॅपसह साधारण ४,६०० ते ११,१०० रुपयांत बसतो. मागच्या दाढेला स्टीलची कॅप पुरते. पांढरी कॅप ही हौस आहे. पण कॅपच टाळून पैसे वाचवू नका, कारण पोकळ झालेली दाढ चावताना फुटते. मूल अजिबात सहकार्य करत नसेल आणि पूर्ण भूल द्यावी लागली, तर रुग्णालयाचा खर्च दहा हजारांच्या पटीत वाढतो. दातांच्या उपचारांवर जीएसटी लागत नाही. तो फक्त सौंदर्यासाठीच्या कामांवर लागतो. बहुतेक आरोग्य विम्यांत हा खर्च मिळत नाही.

कमी पैशांत कुठे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे बालदंतरोग विभाग आहेत. खासगी दंत महाविद्यालयांतही दर दवाखान्यापेक्षा कमी असतात. काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात. अंगणवाडी किंवा सरकारी शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचीही तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी मोफत पाठवणी मिळते.

होकार देण्याआधी विचारा

- पल्पोटॉमीने भागेल का? नसेल तर का?
- प्रत्येक कॅनालची लांबी कशी मोजणार? एक्स-रे आणि ॲपेक्स लोकेटर दरात धरलेत का?
- आत काय भरणार? दुधाच्या दाढेत मुळासोबत विरघळणारी पेस्ट हवी. मोठ्यांच्या दातात भरतात ते गटापर्चा इथे चालत नाही.
- कॅपसह एकूण किती?
- पुळी पुन्हा आली तर पुढच्या कामाचे पैसे वेगळे का?

काम झाल्यावर भरलेल्या दाढेचा एक्स-रे आणि लांबीच्या नोंदी मागून घ्या. डॉक्टर बदलावा लागला तर उपयोगी पडतात. ओठ बधिर असेपर्यंत दोन-तीन तास मुलाकडे लक्ष ठेवा, नाहीतर ते ओठ चावून जखम करून घेतं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या आणि तिचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.