पत्र्याचे गाढव

घरावरचा पन्हळी पत्रा आपण रोज पाहतो. पण त्याला पन्हळी कशासाठी असतात? आज आम्ही त्या पत्र्याची आणि एका विमानाची गोष्ट सांगणार आहोत.

सुरुवातीची विमाने लाकडाची आणि कापडाची असत. लाकूड पावसाने फुगे, कापड फाटे. आग लागली तर विचारूच नका! धातूचे विमान करावे, तर ते जड होणार. "लोखंड कधी उडतं का?" असे लोक म्हणत.

जर्मनीत देसाऊ नावाचे शहर आहे. तिथे ह्यूगो युंकर्स यांचा कारखाना होता. त्यात गॅसवर पाणी तापवायचे बंब तयार होत. पातळ पत्र्याचे काम युंकर्सना चांगले ठाऊक होते. १९१५ साली त्यांनी पोलादी पत्र्याचे विमान केले. लोकांनी त्याला नाव ठेवले, 'पत्र्याचे गाढव'. पण १२ डिसेंबरला ते गाढव उडाले! मात्र ते फार जड होते. वर चढायला त्याला वेळ लागे.

युंकर्स थांबले नाहीत. त्यांनी पोलाद सोडले आणि ड्युरालुमिन घेतले. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे वगैरे मिसळून हा धातू करतात. तो हलका असतो नि मजबूतही. पण पातळ पत्रा वाकतो, त्याचे काय? त्याला त्यांनी पन्हळी पाडल्या.

तुम्हीच करून पाहा. वहीचा कागद एका टोकाला धरा. तो खाली लोंबतो. आता त्याला लांबीच्या बाजूने उलटसुलट बारीक घड्या घाला. कागद ताठ राहील. वजन तेवढेच, पण बळ वाढले.

अशा पत्र्याचे 'एफ १३' विमान २५ जून १९१९ रोजी उडाले. त्यात चार उतारूंसाठी बंद खोली होती. बसायला गादीच्या जागा होत्या. वारा-पाऊस अंगावर येत नसे. हे विमान टपाल आणि मालही नेई. चाकांच्या जागी होडीसारखे पोकळ पाय लावले, की ते पाण्यावर उतरे.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात मॅग्दालेना नावाची मोठी नदी आहे. पाणी कमी झाले की तिथल्या बोटी वाळूत रुतत. प्रवासाला कित्येक दिवस लागत. १९२० पासून या नदीवर 'एफ १३' विमाने उतरू लागली. दिवसांचा प्रवास तासांवर आला.

अशी तीनशेहून अधिक विमाने तयार झाली. पुढे बहुतेक मोठ्या विमानांना धातूचेच अंग आले.

सांगा पाहू :
१. पहिल्या पोलादी विमानात कोणती उणीव होती?
२. पन्हळी पाडल्याने पत्र्याला बळ कसे येते?
३. तुमच्या घरात घड्या किंवा पन्हळी पाडलेल्या कोणत्या वस्तू आहेत?