राजा दीनदयाळ यांची अंधारी खोली

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं भिंतीवर पणजोबांचा एखादा तपकिरी फोटो टांगलेला असतो. पण तो निघाला कसा, हें विचारणारा विद्यार्थी विरळा. आपलें हदगांव १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच्याच दरबारीं एक थोर छायाचित्रकार होऊन गेला. त्याचें काम पाहिलें असतां ह्या प्रश्नाचा उलगडा होतो.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मेरठजवळ सरधना येथें झाला. रुडकीच्या कॉलेजांत स्थापत्य शिकून ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत लागले. नकाशे व अंदाजपत्रकें करणें हें त्यांचें काम. सुमारें १८७४ पासून त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला, व पुढें पक्की नोकरी सोडून ह्याच धंद्यांत उडी घेतली. पदरीं संसार असतां हें धाडस लहान नव्हे! सिकंदराबादेस व १८९६ त मुंबईस त्यांचे स्टुडिओ झाले. सहावे निजाम महबूब अली खान यांनीं त्यांस ‘राजा’ हा किताब दिला. ते १९०५ त वारले.

त्यांच्या उमेदीच्या काळीं फोटो म्हणजे ओल्या कांचेचा खेळ होता. स्वच्छ कांचेवर कलोडियनचा चिकट थर चारी कोपऱ्यांस सारखा पसरावयाचा, अंधारांत ती सिल्व्हर नायट्रेटमध्यें बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन हिराकशीच्या पाण्यानें तें उमटवावयाचें. कांच वाळली कीं श्रम फुकट. दख्खनच्या उन्हांत ती किती झटपट वाळत असेल! म्हणून कॅमेऱ्यामागें काळा तंबू, बाटल्या व पाणी हिंडवावें लागे. ह्या थरास तांबडा उजेड जवळजवळ दिसतच नाहीं. त्यामुळें तंबूंत तांबड्या कांचेआडचा दिवा चाले. कोरड्या प्लेटी मागाहून आल्या.

कांचेवर उमटे तें उलटें. पांढरें तें काळें. तें सुलटें करावयास अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद चांदीच्या द्रावणांत भिजवून, वाळवून, कांचेखालीं दाबून उन्हांत ठेवीत. कांचेएवढेंच चित्र निघे. मोठें चित्र हवें तर कॅमेराही तेवढाच मोठा व जड. नंतर सोन्याच्या क्षारानें रंग खुलवून, हायपोनें पक्कें करून कागद पुष्कळ वेळ धूत. ही शेवटची धुलाई पाहणाऱ्यास कधीं दिसत नाहीं, आणि सारें तिच्यावरच अवलंबून! हायपो कागदांत राहिला तर कांहीं वर्षांत चेहरा पिवळा पडून पुसट होतो. अंदाजपत्रकें करणाऱ्या माणसाची काटेकोर संवय येथें कामास आली असावी, असें आम्हांस वाटतें.

दरबार व शिकारी ह्यांबरोबर औरंगाबादेकडील दुष्काळांतील मदतकार्याचींही चित्रें त्यांनीं घेतलीं. त्यांच्या दोन हजारांहून अधिक कांचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आजही जपून ठेविल्या आहेत.