छिन्नमनस्कता : लक्षणे आणि वाटचाल



हिवताप झाला की रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि रोगाचे परजीवी डोळ्यांना दिसतात. परंतु काही आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत. रुग्णाचे बोलणे-वागणे आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत यांवरूनच डॉक्टरांना ते ओळखावे लागतात. स्किझोफ्रेनिया अथवा छिन्नमनस्कता हा असाच एक आजार. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. म्हणून तुम्हाला आणि तुमच्या शिक्षकांना त्याची माहिती हवी.

१९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी हे नाव रूढ केले. त्याचा अर्थ 'दुभंगलेले मन' असा आहे. त्यामुळे एका देहात दोन माणसे असतात, अशी अनेकांची समजूत होते. ती चूक आहे. या आजारात विचार, भावना आणि कृती यांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटतो.

लक्षणे कोणती?

समजा, घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात सतरा वर्षांचा मुलगा आहे. जूनमध्ये कपाशीची लागवड चालू असताना तो मित्रांना टाळू लागतो, रात्री जागतो, अभ्यासात मागे पडतो. घरचे म्हणतात, "वयच तसे आहे." पोळ्याच्या सुमारास तो सांगू लागतो की, शेजाऱ्यांना आपल्या मनातले विचार कळतात. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते, तेव्हा जवळ कोणी नसतानाही त्याला माणसे बोलताना ऐकू येतात आणि तो त्यांना उत्तरे देतो.

नसलेला आवाज ऐकू येणे म्हणजे भास. पुरावा दाखवला तरी न ढळणारी खोटी खात्री म्हणजे भ्रम. बोलण्यातील दुवे तुटणे हे तिसरे लक्षण. याशिवाय उत्साह, आवड, चेहऱ्यावरील भाव आणि मिसळण्याची इच्छा ओसरते. याला लोक आळस समजतात, पण तोही आजाराचाच भाग असतो. रुग्ण ढोंग करीत नाही. आवाज ऐकू येत असताना त्याच्या मेंदूतील श्रवण व भाषेशी संबंधित भाग खरोखरच कार्यरत झालेले आढळतात.

प्रत्येक भ्रमिष्टपणा हा आजार नव्हे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांमुळे माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो. पण ते काही तासांत घडते आणि सोबत घाम, लाळ, उलट्या अशी चिन्हे असतात. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तीव्र तापातही माणूस बरळतो. छिन्नमनस्कता बहुधा आठवड्या-महिन्यांच्या गतीने येते. म्हणून डॉक्टर प्रथम विचारतात, "हे केव्हापासून?"

कारणे

एकच एक कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला तो होतोच असे नाही. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यात बिघाड आढळतो. किशोरवयात गांजा ओढल्याने धोका वाढतो. आईवडिलांचे संस्कार कमी पडले किंवा कोणी करणी केली, म्हणून हा आजार होत नाही.

पुढे काय होते?

काहींना एकदाच झटका येतो, काहींना तो पुनःपुन्हा येतो, तर काहींची लक्षणे दीर्घकाळ टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीनांपैकी निदान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले आणि उपचारांचे चित्र पालटले. औषधाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटताच ते मनाने बंद केले, तर आजार उलटण्याचा धोका असतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. आपल्या उदाहरणातील मुलाचे जून ते दिवाळी हे महिने म्हणूनच मोलाचे होते.

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय. २०२२ पासून १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे.

वर्गातील एखादा मित्र असा बदललेला दिसला, तर त्याला चिडवू नका, त्याच्या भ्रमांवर वाद घालू नका. त्याच्याजवळ बसा आणि शिक्षकांना सांगा. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर त्याला एकटे न सोडता ताबडतोब मोठ्यांना कळवा.

स्वाध्याय

१. भास आणि भ्रम यांतील फरक प्रत्येकी एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. जगात सुमारे ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. हेच प्रमाण धरल्यास जिल्ह्यात किती रुग्ण असतील? त्यांतील किती जणांना आपण ओळखतो, याचा विचार करा.