पतन आणि अनुताप

पतन एकाएकी होत नाही. प्रथम स्मरण सुटते, मग नित्यविधी उरकण्यापुरता राहतो आणि पुढे निषेधाचा धाकही जातो. वेष तसाच असल्याने ते ज्याचे त्यालाही कळत नाही. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांच्या ठायी आदर उणा होऊ लागला, की साधकाने सावध व्हावे. ज्ञान झाल्यावर घडलेला प्रमाद अज्ञान्याच्या प्रमादाहून जड असतो.

विद्येच्या अभिमानाने होणारी हानी सर्वांत सूक्ष्म. सराळ्याचे म्हाइंभट शास्त्रांत निपुण होते. श्रीचक्रधरस्वामींना वादात जिंकावे म्हणून ते डोमेग्रामला गेले आणि निरुत्तर होऊन शरण आले. एवढ्यावर कथा थांबवणे आपल्याला आवडते; पण खरी गोष्ट पुढची आहे. स्वामींच्या उत्तरापंथी गमनानंतर त्यांनी ऋद्धिपुरी भटोबासांकडून लीळा ऐकल्या. इतर लीळा ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना भेटून त्या विचारल्या. शके 1200 च्या सुमाराचे लीळाचरित्र असे सिद्ध झाले. इतरांना निरुत्तर करू पाहणारा पंडित दारोदार प्रश्न विचारीत फिरला. त्याचा अभिमान गळाला तो येथे.

डोळ्यांतले पाणी म्हणजे अनुताप नव्हे. दोष अधिकरणापुढे स्पष्ट सांगावा. ‘काही चुकले असेल’ ही मोघम भाषा सभेत शोभते, तेथे नाही. प्रायश्चित्तानंतर ज्या संगतीत दोष घडला ती सोडावी.

अधिकरण दूर असेल तर काय करावे, असे आमच्या वरणगावकडील वासनिक विचारतात. त्याच दिवशी सर्वेश्वरास विनवून दोष सांगावा, आणि भेट होताच तोच दोष पुन्हा, काही न वगळता, उघड करावा.