चेहऱ्याच्या त्वचेची निगा : माळव्यातील ऊन आणि सौम्य उपचार

धार व देवास हे माळव्यातील जिल्हे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहेत. त्यामुळे जून महिन्यात माध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. पवारांच्या संस्थानांमुळे तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे असोत वा सोयाबीन-कापसाच्या शेतात राबणारे भिल्ल मजूर असोत, या उन्हाचा परिणाम सर्वांच्याच चेहऱ्यावर होतो.

सूर्यप्रकाशातील दोन प्रकारचे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. एकाने कातडी भाजते. दुसरा खोलवर शिरून त्वचेला बळकटी देणाऱ्या तंतूंची हानी करतो व बसच्या काचेतूनही आत येतो. गालावरील वांगाचे डाग उन्हाने गडद होतात. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काहीसे संरक्षण देते; परंतु मुरूम फोडल्यास किंवा कातडी घासल्यास त्याच त्वचेवर काळा डाग अधिक राहतो. बाह्यत्वचेच्या पेशी साधारणतः चार आठवड्यांत बदलतात, डाग फिकट होण्यास मात्र कित्येक महिने लागतात. आठ दिवसांत उजळपणा देऊ करणाऱ्या जाहिरातीची पारख एवढ्यावरूनच करावी.

खरा धोका या उतावीळपणात आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडयुक्त मलमे लावल्यास प्रारंभी चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा उमटतात, मुरूम व लव वाढते. मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते आणि म्हणून तेच मलम पुन्हा लावले जाते! गजकर्णावर लावल्यास खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते व निदान कठीण होते. केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. दीर्घकाळ वापर झाला असल्यास मलम कसे सोडावे, हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.

सुई वा शस्त्रक्रियेवाचूनही बरेच साधता येते. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने व सौम्य साबणाने चेहरा धुवावा आणि तो ओलसर असतानाच स्निग्ध मलम लावावे. मुरूम असणाऱ्यांनी तेल टाळावे. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत पदर, साफा किंवा रुंद काठाची टोपी वापरावी. धार जिल्ह्यातील बाग येथील छापील सुती कापड याकामी उत्तम. झिंक ऑक्साइडयुक्त, किमान ३० संरक्षण-अंकाचे मलम उन्हात दर दोन तासांनी लावावे. नायसिनामाइड, अझेलाइक आम्ल यांनी डाग हळूहळू फिकट होतात. आम्लाने वरचा थर काढण्याचा उपचार तज्ज्ञांकडूनच करून घ्यावा. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्याची घरगुती रीत सोडून द्यावी, कारण त्याने कातडी पोळून काळी पडते. तंबाखूच्या धुरानेही सुरकुत्या लवकर येतात.

एक डाग मात्र सौंदर्याच्या हिशेबात धरू नये. फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने चालतो. चट्टा लपविण्यात काळ गेल्यास नसांची झालेली हानी बहुधा भरून येत नाही.